लांबलचक इंग्रजी शब्द कसा फोडायचा: 'इंटरनॅशनलायझेशन' घेऊन एकेक पायरी

वीस अक्षरांचा इंग्रजी शब्द समोर आला की बहुतेक जण पहिली पाच-सहा अक्षरं नीट वाचतात आणि उरलेल्यांवरून घाईघाईने निघून जातात. मीही अनेक वर्षं तसंच करत होते. पुढे कामानिमित्त असे शब्द लोकांसमोर मोठ्याने वाचायची वेळ येऊ लागली, तेव्हा मी ते नीट शिकायला बसले. पहिलाच शब्द होता 'इंटरनॅशनलायझेशन'. एका कोशात तो एका ठिकाणी तोडलेला होता, दुसऱ्यात दुसऱ्याच ठिकाणी, आणि व्याकरणाच्या पुस्तकात त्याचे तुकडेच वेगळे होते. यातलं एकच बरोबर असणार असं धरून मी बरेच दिवस घालवले.

खरं तर तिन्ही बरोबर होती. शब्द तीन वेगवेगळ्या कारणांसाठी फोडता येतो आणि तिन्ही वेळा तो वेगळ्या जागी फुटतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरीच दमछाक वाचली असती, म्हणून हा लेख. तोच शब्द शेवटपर्यंत घेऊ. रीत एकदा हातात बसली की ती कुठल्याही लांब नामाला लावता येते.

आधी हाताशी काय ठेवाल

- उच्चार ऐकवणारा आणि आघाताच्या, म्हणजे जोर कुठे द्यायचा त्याच्या, खुणा दाखवणारा इंग्रजी कोश. मोबाइलवरचा चालेल.
- शब्दाची व्युत्पत्ती देणारा कोश. पुष्कळदा दोन्ही एकातच असतात.
- वही आणि पेन्सिल. प्रत्येक शब्दासाठी तीन ओळी मोकळ्या सोडा: कानाची, अर्थाची, छपाईची.
- मोबाइलमधला ध्वनिमुद्रक.
- पातळ कागदाची एक पट्टी. ती आठव्या पायरीला लागेल.

१. कोणती फोड हवी आहे ते ठरवा

पहिली फोड कानाची. तोंडाने शब्द म्हणताना तो किती ठोक्यांत बाहेर पडतो, ते ती सांगते. या ठोक्याला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात. मराठी भाषाशास्त्रात त्यालाही 'अक्षर' म्हणतात, पण आपण लिहितो त्या अक्षराशी गल्लत होते, म्हणून इथे मी सिलॅबलच म्हणणार आहे.

दुसरी फोड अर्थाची. उपसर्ग कोणता, मूळ शब्द कोणता, प्रत्यय कोणते, हे ती दाखवते. अशा तुकड्याला भाषाशास्त्रात पदिम म्हणतात.

तिसरी छपाईची. ओळ संपली आणि शब्द मावला नाही तर तो कुठे तोडून पुढच्या ओळीवर न्यायचा, एवढाच तिचा प्रश्न असतो.

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावणं. कोशात मूळ शब्दामध्ये ठिपके दिसले की आपण त्यांना सिलॅबल समजतो. काही अमेरिकी कोशांत ते ठिपके ओळीच्या शेवटी तोडण्याच्या जागा असतात. तिथे सुरुवातीचं एकटं अक्षर तोडलेलं दिसत नाही, कारण छपाईत एकच अक्षर मागे ठेवायचं नसतं. 'अबँडन' हा शब्द कानाला तीन ठोक्यांचा आहे, पण अशा कोशात त्यात एकच ठिपका सापडेल. उच्चाराची फोड पाहायची असेल तर ठिपक्यांकडे न पाहता कंसात किंवा तिरप्या रेघांमध्ये दिलेल्या उच्चाराकडे पाहा.

२. स्वर मोजा, अक्षरं नव्हे

शब्द लिहून काढू: आय, एन, टी, ई, आर, एन, ए, टी, आय, ओ, एन, ए, एल, आय, झेड, ए, टी, आय, ओ, एन. वीस अक्षरं. सॉफ्टवेअर क्षेत्रात याच शब्दाला 'आय-१८-एन' म्हणतात, कारण पहिल्या 'आय' आणि शेवटच्या 'एन'च्या मध्ये अठरा अक्षरं आहेत.

आता फक्त स्वरांची अक्षरं वेगळी काढा. ती दहा आहेत. पण 'टी-आय-ओ-एन' हा गट या शब्दात दोनदा आला आहे आणि त्यातले 'आय' आणि 'ओ' मिळून एकच स्वर ऐकू येतो. दहातून दोन गेले, उरले आठ. म्हणजे आठ सिलॅबल. एका सिलॅबलमध्ये एकच स्वर असतो. तो जोडस्वर असेल, म्हणजे 'आइ' किंवा 'एइ' असा सरकणारा असेल, तरी एकच धरायचा.

लिहिलेलं आणि ऐकू येणारं यांतला हा फरक आपल्याला नवा नाही. 'घर' लिहिताना दोन अक्षरं होतात, म्हणताना ठोका एकच. 'करमणूक' लिहिताना पाच अक्षरं लागतात, पण बोलताना 'कर-म-णूक' असे तीनच ठोके पडतात. मधला किंवा शेवटचा 'अ' आपण बोलण्यात गाळतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. इंग्रजी शब्दाकडे त्याच कानाने ऐका.

हनुवटीखाली हात धरून जबडा किती वेळा खाली येतो ते मोजा, असं पुष्कळदा सांगितलं जातं. 'नॅ' किंवा 'लाइ'ला ही युक्ती चालते, पण 'शन'ला जबडा जेमतेम हलतो आणि मोजणी चुकते. त्यापेक्षा टेबलावर बोटाने ठोके देत शब्द हळू म्हणा.

एक सावधगिरी. जलद बोलताना इंग्रजी बोलणारे काही दुबळे स्वर गिळून टाकतात. 'नॅ-श-नल' हा तीन ठोक्यांचा शब्द 'नॅश-नल' असा दोन ठोक्यांत ऐकू येतो. त्यामुळे आपल्या शब्दाचे आठ ऐवजी सातच ठोके ऐकू आले तर गोंधळून जाऊ नका. आधी आठ शिका, जलद म्हणताना सात आपोआप होतील.

३. स्वरांच्या मधली व्यंजनं वाटून द्या

नियम छोटा आहे. दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराला द्या. दोन किंवा जास्त असतील तर इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला येऊ शकतो एवढा मोठा गट पुढे द्या आणि बाकीचं मागे ठेवा.

'इंटर'मध्ये 'न्' आणि 'ट्' एकत्र आले आहेत. 'न्ट'ने सुरू होणारा इंग्रजी शब्द नाही, म्हणून 'न्' मागे आणि 'ट्' पुढे: इन्-टर. असं करत पूर्ण शब्द असा होतो:

इन् · टर् · नॅ · श · न · लाइ · झेइ · शन्

ज्यांनी वृत्तं शिकताना लघु-गुरू लावले आहेत त्यांना ही वाटणी ओळखीची वाटेल. 'सत्य'मधला 'स' ऱ्हस्व असूनही गुरू धरतात, कारण पुढच्या जोडाक्षरातला 'त्' मागे येऊन त्याला चिकटतो: सत्-य. मात्र इथेच एक सापळा आहे. आपल्याकडे जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागे जातं. इंग्रजीत गट शब्दाच्या सुरुवातीला चालत असेल तर तो अख्खा पुढे जाऊ शकतो. 'मिनिस्ट्री' आपण 'मि-निस्-ट्री' असा तोडू. इंग्रजीत 'स्ट्र'ने कितीतरी शब्द सुरू होतात, म्हणून वरच्या नियमाने तो 'मि-नि-स्ट्री' होतो.

कोशांमध्ये खरोखरचा मतभेद आहे तो एका जागी. जोरदार ऱ्हस्व स्वरानंतर एकच व्यंजन आलं तर काही कोश ते मागे ठेवतात. 'लेमन' कुणी 'ले-मन' असा दाखवतो, कुणी 'लेम-अन' असा. आपल्या शब्दात 'नॅ'नंतरच्या 'श'चंही तसंच आहे. दोन्ही रीती मान्य आहेत. एक निवडा आणि वहीत तीच ठेवा.

४. अर्थाचे सांधे शोधा

आता वहीतल्या दुसऱ्या ओळीवर या. ही फोड करताना कान पूर्ण बाजूला ठेवा. माझ्या मते लांब शब्दातली सगळी गंमत याच पायरीत आहे, म्हणून इथे थोडं जास्त थांबू.

शब्दाचे पाच तुकडे आहेत: इंटर + नेशन + अल + आइझ + एशन.

'इंटर' लॅटिन आहे, अर्थ 'मध्ये, दोहोंच्या दरम्यान'. संस्कृतातला 'अंतर्' आणि हा 'इंटर' एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. 'नेशन'ही लॅटिन, 'जन्माला येणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. एका मुळातून जन्मलेले लोक, असा त्याचा जुना भाव. 'नेटिव्ह' आणि 'नेचर' त्याचेच भाऊबंद. आपला 'जन्' धातू, ज्यातून 'जन्म' आणि 'जन' आले, तोही याच कुळातला. 'अल'ने विशेषण होतं, 'आइझ'ने क्रियापद आणि 'एशन'ने पुन्हा नाम. यातला 'आइझ' मूळचा ग्रीक. तो लॅटिन आणि फ्रेंच भाषांतून इंग्रजीत पोचला.

आता मराठी शब्द शेजारी ठेवा: आंतरराष्ट्रीयीकरण. आंतर + राष्ट्र + ईय + ई + करण. पाचास पाच तुकडे. त्यातला दुसरा 'ई' म्हणजे संस्कृत व्याकरणातला च्वि: जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं. 'ई' आणि 'करण' ही जोडी मराठीत जे काम करते, तेच इंग्रजीत 'आइझ' आणि 'एशन' मिळून करतात. 'राष्ट्रीयीकरण', 'सुलभीकरण', 'शुद्धीकरण' असे शब्द आपण रोज वापरतो, म्हणजे हा साचा आपल्या अंगवळणी पडलेला आहे. मला हे जुळलेलं दिसलं त्या दिवसापासून या इंग्रजी शब्दाची लांबी जाणवेनाशी झाली.

या पायरीवरचे सापळे:

शब्दाच्या सुरुवातीची सहा अक्षरं मिळून 'इंटर्न' होतो. डोळ्यांना तो ओळखीचा शब्द दिसतो आणि आपण तिथे तोडतो. मग उरलेल्याचा काहीच अर्थ लागत नाही. तुकडा ओळखीचा दिसला म्हणून सांधा तिथेच असतो असं नाही. उरलेला भागही अर्थाचा निघाला पाहिजे.

उलटही होतं. 'इंटर्नल'ची सुरुवात 'इंटर'सारखी दिसते, पण त्यात 'दरम्यान' या अर्थाचा उपसर्ग नाही. त्याचं मूळ 'आतला' या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन विशेषणात आहे.

'इंटर' आणि 'इंट्रा' यांत फक्त शेवटच्या दोन अक्षरांचा फरक आहे, अर्थात मात्र पुष्कळ. 'इंटर' म्हणजे दोहोंच्या दरम्यान, 'इंट्रा' म्हणजे एकाच्याच आत. 'इंटरनेट' आणि 'इंट्रानेट' ही जोडी लक्षात ठेवली की पुरतं.

आता पहिली आणि दुसरी ओळ एकाखाली एक ठेवून बघा. 'नेशन'चा शेवटचा 'न्' कानाच्या ओळीत 'अल'च्या स्वराकडे गेला आहे. 'अल'चा 'ल्' 'आइझ'कडे गेला आणि 'लाइ' झाला. 'आइझ'चा 'झ्' 'एशन'कडे गेला आणि 'झेइ' झाला. तीन सांध्यांवर तीन व्यंजनं पुढे सरकली. 'इंटर' आणि 'नेशन'च्या मध्ये मात्र काहीच हललं नाही, कारण 'नेशन' व्यंजनाने सुरू होतो.

म्हणजे नियम हाती आला: जोडला जाणारा तुकडा स्वराने सुरू होत असेल तर तो मागचं व्यंजन आपल्याकडे ओढतो, व्यंजनाने सुरू होत असेल तर ओढत नाही. हे आपण शाळेत शिकलो आहोत. 'अन्' आणि 'आदर' जोडले की 'अनादर' होतो आणि आपण तो 'अ-ना-दर' म्हणतो. अर्थाचा सांधा 'न्'च्या नंतर आहे, ठोक्याची फूट 'न्'च्या आधी. दोन कोशांतल्या दोन फोडींचं मला पडलेलं कोडं एवढंच होतं.

५. शब्द कोणत्या क्रमाने वाढला ते लिहा

तुकडे सापडले म्हणजे झालं असं नाही. ते कुठल्या क्रमाने जोडले गेले तेही पाहायचं. कसोटी सोपी आहे: प्रत्येक टप्प्यावर जो शब्द तयार होतो, तो कोशात स्वतंत्रपणे सापडला पाहिजे.

नेशन, सहा अक्षरं, नाम.
नॅशनल, आठ अक्षरं, विशेषण.
इंटरनॅशनल, तेरा अक्षरं, विशेषण.
इंटरनॅशनलाइझ, सोळा अक्षरं, क्रियापद.
इंटरनॅशनलायझेशन, वीस अक्षरं, नाम.

'इंटर' आधी 'नेशन'ला लावून पाहिला तर 'इंटरनेशन' असा नेहमीच्या वापरातला शब्द मिळत नाही, म्हणून 'अल' आधी आणि 'इंटर' नंतर. इतिहासही याला दुजोरा देतो. 'नॅशनल' आधीपासून होता. 'इंटरनॅशनल' इंग्रज तत्त्वचिंतक जेरेमी बेंथम यांनी घडवला. १७८० साली छापलेल्या आणि १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी तो राष्ट्राराष्ट्रांमधल्या कायद्यासाठी वापरला, आणि हा शब्द नवा आहे हे तिथेच मान्य केलं.

शेवटच्या टप्प्यावर अक्षरांची बेरीज नीट पाहा. सोळात 'एशन'ची पाच मिळवली तर एकवीस व्हायला हवीत, पण होतात वीस. 'आइझ'च्या शेवटी असलेलं, उच्चारात न येणारं 'ई' प्रत्ययाचा स्वर आल्यावर गळतं. स्पेलिंगच्या अनेक चुका याच जागी होतात. शिवाय याच तुकड्यात ब्रिटिश लिखाणात पुष्कळदा 'झेड'च्या जागी 'एस' येतो. दोन्ही बरोबर आहेत आणि उच्चार दोन्हीकडे सारखाच असतो. एका लिखाणात मात्र एकच रीत पाळा.

६. जोर कुठे द्यायचा ते ठरवा

मराठीत शब्दातल्या कुठल्याही ठोक्यावर जोर दिला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळे ठोके जवळजवळ सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजी ऐकणारा शब्द ओळखतो तो बऱ्याच अंशी जोरावरून. 'रेकॉर्ड'मध्ये 'रे'वर जोर दिला तर नाम, 'कॉर्ड'वर दिला तर क्रियापद. लांब शब्दात जोर चुकला तर प्रत्येक ध्वनी बरोबर असूनही समोरचा 'काय?' असं विचारतो.

आपल्या शब्दात जोर असा सरकत जातो. 'नेशन'मध्ये पहिल्या ठोक्यावर. 'नॅशनल'मध्ये पहिल्याच. 'इंटरनॅशनल'मध्ये 'नॅ'वर, कारण 'इंटर' इथे मुख्य जोर घेत नाही. 'इंटरनॅशनलाइझ'मध्येही तिथेच. आणि 'एशन' लागला की जोर 'नॅ'वरून निघून थेट झेइवर येतो.

हे पाठ करावं लागत नाही, कारण जोर कुठे पडणार ते शेवटचा प्रत्यय ठरवतो. 'शन'ने संपणाऱ्या शब्दात 'शन'च्या लगेच आधीच्या ठोक्यावर जोर. 'इक'ने संपणाऱ्या शब्दातही बहुधा लगेच आधी. 'इटी' किंवा 'लॉजी'ने संपणाऱ्यात शेवटून तिसऱ्यावर. म्हणून 'इलेक्ट्रिक'मध्ये 'लेक्'वर आणि 'इलेक्ट्रिसिटी'मध्ये 'ट्रि'वर. 'नेस', 'फुल', 'लेस', 'मेंट', 'आइझ' हे जोर हलवत नाहीत.

मुख्य जोराखेरीज लांब शब्दात हलका जोरही असतो. आपल्या शब्दात तो 'इन्'वर आणि 'नॅ'वर आहे. कोशात मुख्य जोराची खूण म्हणजे ठोक्याच्या आधी वर काढलेली छोटी उभी रेघ, हलक्या जोराची तशीच रेघ खाली. खूण ज्याच्या आधी आहे त्या ठोक्यावर जोर, मागच्यावर नाही. काही जुन्या कोशांत ती ठोक्याच्या नंतर असते, म्हणून नवा कोश हाती घेतला की प्रस्तावनेतलं खुणांचं पान आधी वाचा.

७. उरलेले स्वर मंद करा

जोर देणं म्हणजे ओरडणं नव्हे. जोराचा ठोका थोडा लांब, थोडा उंच आणि स्पष्ट म्हणायचा आणि बाकीचे मंद करायचे. आपल्याला अवघड जातं ते हे दुसरं काम. 'टर्', 'श', 'न' आणि शेवटचा 'शन्' यांतले स्वर जेमतेम ऐकू यावेत. कोशात या दुबळ्या स्वराची खूण म्हणजे उलटं लिहिलेलं 'ई' अक्षर. ती दिसली की तिथे तोंड फार उघडायचं नाही.

'लाइ'चं थोडं वेगळं आहे. ब्रिटिश उच्चारात तो पूर्ण 'लाइ' राहतो. अमेरिकी उच्चारात बहुधा दुबळा 'ल' होतो. आपल्या सवयीचा 'लायझेशन' ब्रिटिश उच्चाराजवळचा आहे. तो बदलायची गरज नाही.

मूळ शब्दाचा स्वर प्रत्यय लागल्यावर बदलतो, याकडेही लक्ष द्या. 'नेशन'चा 'नॅशनल' होतो, 'नेचर'चा 'नॅचरल'. स्पेलिंग तेच राहतं म्हणून डोळ्यांना बदल कळत नाही. 'उच्चार' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचंही असंच. क्रियापद 'प्रनाउन्स', पण नाम 'प्रनन्सिएशन', आणि तिथे तर स्पेलिंगही बदलतं. 'प्रोनाउन्सिएशन' असा शब्द नाही, तरी तो फार ऐकू येतो.

८. एकेक ध्वनी तपासा

'झेइ'चा पहिला ध्वनी आधी घ्या, कारण इथे आपण हमखास चुकतो. 'झेंडा' म्हणताना जीभ टाळूला टेकते. इंग्रजी 'झेड'मध्ये जीभ कुठेच टेकत नाही. गळ्यावर बोटं ठेवून लांब 'स्स्स' म्हणा. गळा शांत असेल. तोच आवाज चालू ठेवून गळ्यातून घोष काढा, म्हणजे गळा थरथरू लागेल. तो ध्वनी हवा.

त्यातला स्वर 'ए' असा स्थिर नाही. तो 'ए'कडून 'इ'कडे सरकतो.

इंग्रजी 'टी'साठी जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागच्या हिरडीला लागतं. आपल्या 'त'च्या थोडं मागे, 'ट'च्या थोडं पुढे. जोराच्या ठोक्याच्या सुरुवातीला त्याच्याबरोबर हवेचा झोत निघतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'टेबल' म्हणा, ती हलली पाहिजे. 'इंटर'मध्ये 'टर्'वर जोर नाही, म्हणून तिथे झोत हवा तर अगदी थोडा. अमेरिकी बोलण्यात हा 'ट्' 'न्'मध्ये मिसळून 'इनर-नॅशनल' असं ऐकू येतं. ते ओळखता आलं म्हणजे पुरे.

'टर्'मधला 'र्' अमेरिकी उच्चारात येतो, ब्रिटिश प्रमाण उच्चारात येत नाही, कारण पुढे व्यंजन आहे.

९. शेवटाकडून सुरू करून म्हणा

सुरुवातीपासून म्हणत गेलं की श्वास आणि लक्ष दोन्ही मुख्य जोराच्या जागी पोचेपर्यंत संपतात. म्हणून उलट्या दिशेने बांधा:

शन्
झेइशन्
लाइझेइशन्
नलाइझेइशन्
शनलाइझेइशन्
नॅशनलाइझेइशन्
टर्नॅशनलाइझेइशन्
इन्टर्नॅशनलाइझेइशन्

प्रत्येक ओळ तीनदा म्हणा, मगच त्याआधीचा ठोका जोडा. 'झेइ' प्रत्येक ओळीत सर्वांत ठळक राहिला पाहिजे. शेवटची ओळ जमली की ध्वनिमुद्रण करा आणि कोशातल्या आवाजाशेजारी ठेवून ऐका. ऐकताना सगळं एकदम तपासू नका. एकदा फक्त जोर, पुढच्या वेळी फक्त 'झ'.

१०. ओळीच्या शेवटी तोडायचा असेल तर

अमेरिकी रीत मुख्यतः उच्चाराकडे पाहून तोडते, जुनी ब्रिटिश रीत घडणीकडे पाहून. 'नॉलेज' हा शब्द त्याचं ठळक उदाहरण: अमेरिकी कोश 'एल'नंतर तोडतात, ब्रिटिश रीतीत 'नो' हा मूळ शब्द अख्खा ठेवून 'एल'च्या आधी तोडतात. आपला शब्द 'इंटर'नंतर तोडलात तर दोन्ही रीतींना चालतो, कारण तिथे कान आणि अर्थ एकाच जागी फुटतात. 'टी-आय-ओ-एन'च्या मधोमध कधी तोडू नका.

संगणकावर हे काम आपोआप होतं. संगणकतज्ज्ञ फ्रँक लियांग यांनी १९८३ साली आपल्या प्रबंधात मांडलेली पद्धत अजून वापरात आहे. तरी छापायला देण्याआधी ओळींच्या शेवटांवरून एकदा नजर फिरवा.

११. आता हे तीन शब्द स्वतः करा

'रिस्पॉन्सिबिलिटी': चौदा अक्षरं, सहा ठोके, रि-स्पॉन्-स-बि-ल-टी. 'इटी' आहे म्हणून जोर शेवटून तिसऱ्या 'बि'वर. अर्थाच्या ओळीत लक्ष द्यायचं ते 'इबल' या तुकड्याकडे. 'इटी' लागताच तो 'इबिल' होतो, कारण तिथे त्याचं जुनं लॅटिन रूप परत येतं.

'ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट': पंधरा अक्षरं, पाच ठोके, जोर 'मॉ'वर. 'डोळा' या अर्थाचा ग्रीक शब्द, मग 'लॉजी', मग 'इस्ट'. लिहिताना 'पी'नंतरचं 'एच' हमखास सुटतं. 'पी-एच' आणि 'टी-एच' या दोन जोड्या लागोपाठ आहेत, हे आधी वहीत लिहून घ्या.

'हेलिकॉप्टर': कानाला चार ठोके, हे-लि-कॉप्-टर. अर्थाची फोड करताना 'हेलि' आणि 'कॉप्टर' असे दोन तुकडे करावेसे वाटतील, पण ग्रीकमधले तुकडे आहेत 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टेर' म्हणजे पंख. सांधा 'कॉ' आणि 'प्'च्या मध्ये आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांनीही तो चुकीच्या जागी तोडला आणि त्यातूनच 'हेलिपॅड'सारखे शब्द तयार झाले. तुमच्या वहीत पहिल्या आणि दुसऱ्या ओळीवर हा शब्द वेगवेगळ्या जागी तुटलेला दिसला, तर फोड बरोबर झाली आहे.